न विकलेली मरळ

एका गावात एक तळं होतं. खरं म्हणजे उलटं सांगायला हवं. एका तळ्याच्या काठी कसंबसं एक गाव होतं. गावाचं नाव मोहतळे. जमीन सगळी खडकाळ. पेरलेलं उगवेल याची खात्री नाही, आणि उगवलेलं रानडुकरं ठेवतील याचीही नाही. पण तळं असं, की त्याचं नाव काढलं की राजधानीतली मोठमोठी माणसं उसासे टाकत.

कारण त्या तळ्यात मरळ होती. मरळ ही काळी, चिवट, ताकदीची मासळी. पाण्याबाहेर काढली तरी लवकर मरत नाही, उलट आपल्यालाच शेपटीचा तडाखा देते. तिला गळाला लावून वर काढणं म्हणजे पोरखेळ नव्हे. आणि ज्यांना गळाचा नाद असतो त्यांना नेमकं हेच हवं असतं. घरी मऊ गादी, वाढायला माणसं, ताटात चार पदार्थ. ते सगळं सोडून ही मंडळी पहाटे उठणार, दोरीच्या टोकाला बेडकी अडकवणार आणि दिवसभर पाण्याकडे बघत बसणार. जी मरळ बाजारात चार पैशांना मिळते, तिच्यासाठी गाडीभाडं, होडीभाडं, जेवणखाण धरून रुपये मोजणार. तुम्हाला हसायचं असेल तर हसा. मोहतळ्यात कोणी हसत नसे, कारण गावाच्या चुली या नादिष्टांच्या जिवावरच पेटत होत्या.

पाहुण्याला तळ्यात न्यायला डोंगा लागे. डोंगा म्हणजे झाडाचं अख्खं खोड कोरून केलेली अरुंद होडी. ती बांबूनं ढकलत न्यायची. मोहतळ्याच्या प्रत्येक डोंग्याच्या काठावर दोन खाचा कोरलेल्या असत. मासळी धरली की तिचं डोकं काठाच्या टोकाला लावून ती आडवी ठेवून पाहायची. पहिल्या खाचेपर्यंत पोचली नाही, तर ते लेकरू. पाण्यात परत. दुसऱ्या खाचेच्या पुढे गेली, तर ती माय. तीही परत. मधल्या मापाच्या दोन मासळ्या पाहुण्यानं खुशाल न्याव्यात. तिसरी मागितली तर डोंगेवाला ऐकू न आल्यासारखं करी.

सोडायची मासळी पाहुण्यानं आपल्या हातानं सोडायची. डोंगेवाला तिला हात लावणार नाही. पाहुण्याच्या हातातलं हिसकावून घेऊ नये, अशी गावची रीत होती. तळ्यावर शिपाई नव्हता आणि दंडही नव्हता. तळ्याच्या मध्यावर दोनच माणसं असत, पाहुणा आणि डोंगेवाला. तिथं काय झालं ते काठावर कोणाला कळणार? पण खाच मोडली असं कधी ऐकू आलं नव्हतं. मला तर या गोष्टीचंच फार कौतुक वाटतं. भर चौकात कोणीही सरळ वागतो, हो.

या गावात सुकरू नावाचा ढीवर, म्हणजे मासेमारी करणारा, राहत होता. त्याची बायको वच्छला. सुकरू पाहुण्यांना डोंग्यातून फिरवी आणि वच्छला त्यांना जेवू घाली. तिच्या हातचा भात आणि मासळीचा रस्सा खाऊन माणसं मुक्काम वाढवत. सगळं बरं चाललं होतं. फक्त डोंगा म्हातारा झाला होता. त्याचं बूड कुजलं होतं. सुकरू राळ लावी, चिंध्या कोंबी, आणि वर देवाचं नाव घेई. तरी पाणी आत येई ते येईच. नवा डोंगा करायचा तर मोठं झाड हवं, सुतार हवा, आणि हातात काहीच नाही. हा हंगाम डोंगा तरला तर तरला. नाही तर ढीवर असून सुकरूला काठावर बसावं लागणार होतं. ही काळजी नवरा-बायकोला रात्रंदिवस खात होती.

त्या वर्षी पाऊस ओसरला आणि राजधानीतून पन्नाशेठ आले. पन्नाशेठांची पेढी मोठी आणि गळाचा नाद त्याहून मोठा. दरवर्षी येत, पण मोठी मरळ काही त्यांच्या नशिबी नव्हती. पेढीवर त्यांचे मित्र चिडवत, "पन्नाशेठ निघाले की तळ्यातल्या माशांना सुट्टी पडते." शेठ वरवर हसत. आतून जळत.

ते नेहमीप्रमाणे सुकरूच्या डोंग्यात बसले. दुपार कलली. गळाला दोन लेकरं लागली, ती सोडली. मग शेठांनी बेडकी लव्हाळ्याच्या कडेला फेकली, आणि ती पडली ती नेमकी पिलांच्या घोळक्यात. मरळीची पिलं तांबूस असतात. ती घोळक्यानं पाण्याच्या वरच फिरतात आणि माय खालून त्यांची राखण करते. बेडकी पडताच माय उसळली. भुकेनं नव्हे, रागानं.

दोरी ताणली. शेठांच्या तळहाताची सालं निघाली. पगडी पाण्यात पडली, ती त्यांनी उचललीही नाही. कितीतरी वेळ ओढाताण झाली, आणि अखेर एक काळीभोर मरळ डोंग्यात येऊन आदळली. शेठांनी ती काठावर आडवी धरली. डोकं काठाच्या टोकाला लावलं, तर शेपटी दुसऱ्या खाचेच्या वीतभर पुढे गेली.

"ही माय आहे, शेठजी," सुकरू म्हणाला.

"दिसतंय मला. बोल, काय घेशील?"

"काही नाही जी. सोडा तिला."

शेठांनी खाली पाहिलं. डोंग्यात पाणी साचलं होतं. मरळ त्या पाण्यात आरामात पडून होती. त्या डोंग्यात त्या वेळी सुखी अशी ती एकटीच होती.

"सुकरू, तुझ्या डोंग्याचं बूड गेलंय," शेठ म्हणाले. "मी तुला नवा डोंगा देतो. सागाचा. उद्याच सुतार लावतो कामाला. ही मरळ मला पेढीवर नेऊ दे. एकदाच. त्या हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची आहेत मला."

सुकरू काही देव नव्हता. सागाचा डोंगा म्हटल्यावर त्याची नजर आपल्या कुजलेल्या बुडाकडे गेली. असा डोंगा त्याच्या मुलाच्या मुलानंही चालवला असता. इथं बघायला कोण होतं? लव्हाळी आणि पाणी. तो भोपळ्याच्या तुंब्यानं पाणी उपसत राहिला. मग म्हणाला, "शेठजी, नवा डोंगा घेऊन मी कोणत्या तळ्यात जाऊ?"

"एका मरळीनं तळं ओस पडतं का रे?"

"एकीनं नाही पडत. पण आज तुमच्यासाठी एक जाईल, उद्या पाटलांच्या व्याह्यासाठी एक जाईल. मग ती खाच म्हणजे नुसता लाकडावरचा ओरखडा होईल जी."

शेठांना राग आला. एवढा मोठा सौदा कोणी नाकारलेला त्यांनी पाहिला नव्हता. "आणि मी नाहीच सोडली तर?"

सुकरूनं तुंबा बाजूला ठेवला. बांबू आडवा टाकला आणि तो हात बांधून बसला. "हात तुमचे आहेत. मी हिसकावणार नाही. पण माय आत असताना मी डोंगा काठाला लावत नाही. बसू इथंच."

"अरे, डोंगा भरतोय."

"भरतोय जी."

"बुडेल."

"बुडेल जी. घाबरू नका, तुम्हाला मी काठापर्यंत ओढून नेईन. मरळीला मात्र नेणार नाही."

आता सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं? शेठ तोंड फिरवून बसले. पाणी घोट्यापर्यंत चढलं. आणि तोंड फिरवलं म्हणूनच शेठांना ते दिसलं. लव्हाळ्याच्या कडेला पिलांचा तांबूस घोळका वेडावाकडा फिरत होता. खाली राखणीला कोणी नाही हे पाणकावळ्याला कळायला वेळ लागत नाही. तो एकदा बुडी मारून वर आला, चोच हलवली आणि पुन्हा बुडाला. घोळका निम्मा झाला.

शेठ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "यातली किती पिलं मोठी होतात?"

"माय असली तर मूठभर वाचतात. नसली तर पाणकावळा जेवतो."

पाणकावळ्यानं तिसरी बुडी मारली, आणि पन्नाशेठांच्यातला व्यापारी जागा झाला. व्याजावर जगायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही, हे त्यांच्या घराण्यात पाळण्यात शिकवत. त्यांनी आयुष्यात एकदाही मुद्दल मोडलं नव्हतं. आणि आज ते मुद्दल त्यांच्या पायाशी पडून शेपटी हलवत होतं. एक मरळ म्हणजे एक मरळ नव्हती. हा सगळा घोळका, त्यातून वाचणाऱ्या मरळी, त्यांच्यासाठी येणारे पाहुणे, ते सगळं तीच होती.

"मुद्दल खायचं नसतं," शेठ पुटपुटले. ते सुकरूला बोलले नाहीत, स्वतःवरच चिडून बोलले.

त्यांनी मरळीच्या ओठातला गळ हळूच काढला. दोन्ही हातांनी तिला उचललं आणि पाण्यात धरलं. इतक्या वर्षांत जिची वाट पाहिली ती हातात होती, आणि हात उघडायचे होते. शेठांचे डोळे भरून आले. मोठ्या माणसाच्याही डोळ्यांत माशासाठी पाणी येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांनी हात उघडले. मरळ जाता जाता त्यांच्या तोंडावर पाणी उडवून गेली.

सुकरूनं बांबू उचलला. डोंगा काठाला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ न्याहारी न करताच निघून गेले.

घरी वच्छलानं विचारलं, "काय देत होते?"

"डोंगा."

"कसला?"

"सागाचा."

वच्छलानं पळी पातेल्यात आपटली. "आणि तुम्ही नको म्हणालात."

"हो."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग तिनं भात वाढला, वर रस्सा घातला. "जेवा. खाचेपुढची मासळी या घरात आली असती, तर मीच तुम्हाला बाहेर काढलं असतं." थोड्या वेळानं तिला राहवेना. "पण सागाचा होता हो," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

महिनाअखेर सुकरूचा डोंगा काठाजवळच बसला. बुडालासुद्धा म्हणता येणार नाही, नुसता चिखलात बसला आणि उठला नाही. सुकरू दुसऱ्यांच्या डोंग्यात बांबू धरू लागला. मिळकत निम्म्यावर आली. त्यात सुकरूनं सागाचा डोंगा नाकारला आणि शेठ रागावून गेले, ही बातमी गावभर झाली. शेठ गेले तसे इतरही जातील, या भीतीनं पाटलानं चावडीवर गाव जमवलं.

पाटील म्हणाला, "आपल्या या खाचांपायी उद्या पाहुणा तोंड फिरवेल. मी म्हणतो, खाचा भरून टाका. ज्याला जेवढ्या हव्या तेवढ्या मरळी नेऊ द्या. दर मासळीमागे पैसे घेऊ. मासळ्या जास्त तर पैसे जास्त."

हिशोब सरळ होता. चार माना डोलल्यासुद्धा. सुकरू मान खाली घालून बसला होता. डोंगा गेलेला माणूस कुठल्या तोंडानं बोलणार?

तेव्हा मागून वच्छला उठली. "पाटीलबाबा, एक विचारू? टोपलीभर मासळी ज्याला दुपारपर्यंत मिळेल, तो जेवायला थांबेल का?"

उत्तराची वाट न बघता तीच पुढे म्हणाली,

"तो दुपारीच गाडी जुंपेल. दोनच न्यायच्या म्हटल्यावर माणूस निवडत बसतो. ही सोडतो, ती धरतो, आणखी चांगली लागेल म्हणून संध्याकाळ करतो. रात्र पडली की माझ्याकडे जेवतो, तुमच्या पडवीत झोपतो आणि सकाळी पुन्हा डोंगा मागतो. पहिल्या मरळीसाठी तो जीव टाकतो. पाचवी त्याला घरी न्यायचं ओझं वाटते. मासळीवर पैसे ठेवाल तर मासळीचेच मिळतील. आज आपल्याला त्याच्या हौसेचे मिळतात."

लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "बाईचा नवरा खाचेपायी डोंग्यावाचून बसलाय, आणि बाईच खाचेची बाजू घेतेय. मग आपण कोण मोडणार?" पाटलानं खाकरून घसा साफ केला आणि एक हंगाम वाट बघू म्हणाला. वच्छला खाली बसली. सुकरूनं तिच्याकडे पाहिलं. असं त्यानं लग्नातही पाहिलं नसेल.

इकडे पन्नाशेठांची काय गत झाली? त्यांनी ठरवलं होतं, त्या मरळीबद्दल कोणाला चकार शब्द सांगायचा नाही. पण गळाचा नाद असलेला माणूस आणि न सांगितलेली मोठी मासळी, या दोन गोष्टी फार दिवस एका पोटात राहत नाहीत. एके दिवशी पेढीवर ते बोलून गेले. मित्र असे हसले की रस्त्यावरची माणसं डोकावली.

"धरली आणि सोडली? तुम्ही? वजनात गुंज न सोडणारे तुम्ही?"

शेठ चिडले. "विश्वास नाही ना? चला माझ्याबरोबर. ती आहे तिथंच. ज्याच्यात दम असेल त्यानं धरावी."

पुढच्या हंगामात मोहतळ्याच्या वाटेवर छकड्यांची रांग लागली. शेठ आणि त्यांचे मित्र, मित्रांचे मेहुणे, मेहुण्यांचे शेजारी. सगळ्यांना ती मरळ हवी होती. पडव्या भरल्या, गोठे सारवून तिथंही माणसं निजली. वच्छलाला दोन चुली वाढवाव्या लागल्या.

शेठांनी उतरताच विचारलं, "सुकरूचा डोंगा कुठं आहे?"

कोणीतरी चिखलाकडे बोट दाखवलं. शेठ तिथं जाऊन उभे राहिले. मग सुकरूला बोलावून म्हणाले, "मी त्या दिवशी देत होतो ती लाच होती. तू घेतली असतीस, तर मीही आज आलो नसतो आणि हे लोकही आले नसते. आता देतो ते बक्षीस समजू नकोस. पुढच्या हंगामांचं होडीभाडं आगाऊ देतोय. पेढीवरचा माणूस आहे मी. जिथं मुद्दल राखलं जातं तिथंच पैसा ठेवतो."

सुकरूनं वच्छलाकडे पाहिलं. तिनं केव्हाच मान डोलावली होती.

सागाचा डोंगा झाला. सुकरूनं पाण्यात घालण्याआधी त्यावर दोन खाचा पाडल्या, आणि मगच त्याला कुंकू लावलं. त्या हंगामात ती मोठी मरळ कोणालाच लागली नाही. म्हणून पुढच्या हंगामात दुप्पट माणसं आली. मग एका वैद्याला ती लागली. त्यानं मापून पाहिली, रडवेला होऊन सोडली, आणि जन्मभर रोग्यांना औषधाआधी तिची गोष्ट सांगितली. पुढे एका कापडवाल्याला लागली, मग एका दिवाणाला. ज्यानं त्यानं आपल्या हातानं सोडली. प्रत्येकाच्या गोष्टीत ती हातभर वाढत गेली. खरी किती होती ते मरळच जाणे. मोहतळ्याच्या घरांवर मात्र गवताऐवजी कौलं आली, आणि तळ्यात पिलांचे घोळके इतके झाले की पाणकावळ्यांनाही आवरेनात. पाटील आता पाहुण्यांना खाचांची महती सांगे, जणू त्या त्यानंच कोरल्या होत्या. सांगू द्या बिचाऱ्याला.

बऱ्याच वर्षांनी मासळीचा एक नवा व्यापारी त्या वाटेनं आला. वच्छलाच्या पंगतीला बसला. चार घास पोटात गेल्यावर त्यानं सहज विचारलं, "बाई, तुमच्या तळ्यातल्या त्या मोठ्या मरळीचं फार ऐकलं. शेवटी तिचे किती आले हो?"

"विकली कुठं अजून?" वच्छला म्हणाली.

व्यापारी हसला. "एवढी मोठी मासळी, आणि विकली नाही? मग तुम्हाला मिळालं काय?"

"तुमचा रस्ता तर पलीकडच्या गावावरून जातो. मग आज इकडे कसे वळलात?"

"तिचं नाव ऐकून."

वच्छलानं पंगतीवरून नजर फिरवली. बसायला जागा नव्हती, माणसं पायरीवर उभी होती. "हे सगळेही तिचं नाव ऐकूनच आलेत," ती म्हणाली. "भात वाढू?"

तात्पर्य: घेतलेल्यावर एक दिवसाचं पोट भरतं, राखलेल्यावर पिढ्यांचं घर चालतं, म्हणून किती घ्यायचं त्याची खूण आपणच करावी, आणि पायाखाली पाणी आलं तरी ती मोडू नये.